कुत्र्याच्या शिक्षणांतील खाऊ

पूर्वीं आपल्या घरांतून कुत्र्याचा संबंध दिवसांतून फार तर दोन वेळां येई. एकदां वैश्वदेवानंतर बाहेर ठेवलेल्या बळीपुरता, आणि दुसऱ्यांदा रात्रीं उरलेली भाकरी अंगणांत टाकण्यापुरता. त्यापलीकडे तो अंगणाचा रहिवासी. ओटी चढला तर काठी ठरलेली. आतां शहरांत बहुतेक घरांना अंगणच राहिलेलें नाहीं, आणि तोच प्राणी दिवाणखान्यांतील सतरंजीवर पाय पसरून निजलेला दिसतो. सोवळ्याओवळ्याच्या दृष्टीनें या स्थित्यंतराविषयीं ज्याला जें वाटावयाचें तें वाटो. या लेखाचा विषय तो नव्हे. परंतु जनावर घरांत आलें कीं त्याला घराची रीत शिकवावी लागते, आणि शिकवावयाचें म्हटलें कीं हातांत कांहींतरी खाऊ घ्यावा लागतो. हा खाऊ कोणता असावा, केवढा असावा आणि तो कोणीं द्यावा, याविषयीं आपल्या कुटुंबांतून जी बेफिकिरी आढळते ती पुष्कळदां त्या मुक्या प्राण्याच्या मुळावर येते. मुलांच्या डब्यांत काय जावें याचा बारकाईनें विचार करणारीं सुशिक्षित माणसें कुत्र्यापुढें चहांत बुडविलेलें बिस्किट टाकतांना क्षणभरही थांबत नाहींत.

घासासाठीं कुत्रा शिस्त पाळतो ही गोष्ट आपल्याला नवी नाहीं. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायांत शौव उद्गीथ या नांवाचा एक लहानसा खंड आहे. त्यांत भुकेलेलीं कुत्रीं एका पांढऱ्या कुत्र्यापाशीं जाऊन अन्नप्राप्तीसाठीं गान करण्याची विनवणी करतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं यज्ञांतील ऋत्विजांप्रमाणें एकामागून एक चालत येऊन, खालीं बसून सामगानास प्रारंभ करतात. त्या खंडाचा गूढार्थ पंडितांनीं हवा तसा लावावा. ज्यानें कुत्रें पाळलें आहे त्याला मात्र तें चित्र पाहून हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. या संबंधाचें शास्त्र अलीकडचें आहे. रशियांतील इव्हान पाव्हलॉव्ह यांना १९०४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें तें पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल. त्याच संशोधनाच्या ओघांत कुत्र्यांची लाळ मोजतांना त्यांना असें आढळलें कीं, अन्न तोंडांत पडण्यापूर्वींच, तें आणणाऱ्या माणसाची चाहूल लागतांच लाळ सुटूं लागते. त्याच सुमारास अमेरिकेंत एडवर्ड थॉर्नडाइक यांनीं १८९८ मध्यें मांजरांना पेट्यांत कोंडून असें दाखविलें कीं, ज्या कृतीच्या पाठोपाठ सुख मिळतें ती कृति जनावर पुन्हां करूं लागतें. आज जगांत कुत्र्यांना जें शिक्षण दिलें जातें त्याचा पाया या दोन गोष्टींत आहे.

यावरून खाऊचें खरें काम ध्यानांत येईल. आपली भाषा कुत्र्याला येत नाहीं; 'आतां तूं जें केलेंस तेंच मला हवें होतें' हें त्याला शब्दांनीं सांगतां येत नाहीं. तें सांगण्याचें काम खाऊ करतो, आणि म्हणूनच तो त्या कृतीच्या पाठोपाठ, एक-दोन सेकंदांच्या आंत, त्याच्या तोंडांत पडावा लागतो. पुष्कळ घरीं काय होतें तें पाहा. काकू म्हणतात 'बस', कुत्रा बसतो. काकू कौतुकानें स्वयंपाकघरांत जातात, फडताळांतला डबा काढतात, झांकण उघडतात, आणि तोंवर डब्याचा आवाज ऐकून तो उठून उड्या मारीत त्यांच्या लुगड्याला झोंबत असतो. मग त्या त्याला बिस्किट देतात. त्या कुत्र्यानें त्या दिवशीं काय शिकलें? उड्या मारिल्या कीं बिस्किट मिळतें. त्यांतच आजोबा त्याला 'बैस' म्हणतात, नातू 'सिट' म्हणतो, आणि सर्वांचें म्हणणें असें कीं कुत्रा मठ्ठ आहे. तेव्हां शब्द एक ठरवावा आणि खाऊ आधींच हाताशीं ठेवावा. मगच हांक मारावी.

खाऊचें आकारमान हा पुढचा प्रश्न, आणि येथेंच बहुतेकांचा हात सैल सुटतो. आपल्या मनांत मोठा घास म्हणजे मोठें प्रेम असें समीकरण बसलेलें असतें. कुत्र्याच्या मनांत तसें कांहीं नसतें; एक मोठा तुकडा एकदां मिळण्यापेक्षां लहान तुकडा दहा वेळां मिळणें त्याच्या शिकण्यास अधिक उपकारक ठरतें, कारण त्याच्या लेखीं ती दहा वेळां मिळालेली शाबासकी असते. मोठ्या कुत्र्यास वाटाण्याएवढा आणि पामेरियनसारख्या लहानग्यास तुरीच्या डाळीएवढा तुकडा पुरे होतो. तो मऊ असावा, म्हणजे न चावतां गिळला जाईल. कडक बिस्किट तोंडांत फुटतें, त्याचा भुगा जमिनीवर सांडतो, आणि तो हुंगून वेंचण्यांत जनावराचें लक्ष आपल्यावरून उडतें. धडा तेथेंच संपतो. खाऊला वास असावा, कारण कुत्र्याची पारख जिभेपेक्षां नाकावर अधिक चालते. किंचित् कोमट केलेला पनीरचा तुकडा थंड तुकड्यापेक्षां त्याला अधिक ओढून घेतो, तो यामुळेंच.

आतां थोडा हिशेब करावा लागेल, आणि ज्यांना हिशेबाचा कंटाळा आहे त्यांनींही हा एवढा वाचावाच. कुत्र्याला दिवसभरांत जेवढ्या कॅलरी लागतात त्यांच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक खाऊकडे जाऊं नयेत, बाकीचे नऊ हिस्से समतोल जेवणांतून यावेत, असा पशुवैद्यांचा सर्वसाधारण संकेत आहे. दहा किलो वजनाच्या, वयांत आलेल्या, वंध्यीकरण झालेल्या आणि घरांतच वावरणाऱ्या कुत्र्यास दिवसाला अदमासें ६०० ते ६५० कॅलरी लागतात; म्हणजे खाऊच्या वांट्यास साठएक आल्या. पांच किलोच्या कुत्र्याच्या बाबतींत हाच आंकडा पस्तीस-सदतीसवर येतो. एका ग्लुकोज बिस्किटांत वीस ते पंचवीस कॅलरी असतात. सकाळच्या चहाबरोबर आजोबांनीं दोन बिस्किटें दिलीं कीं त्या लहानग्याचा दिवसाचा खाऊ संपला. आणि तूप लावलेली एक पोळी दिली तर त्याचा तीन दिवसांचा खाऊ एका बैठकींत पोटांत गेला. उलट १०० ग्रॅम गाजरांत चाळीसच्या आसपास कॅलरी असतात, आणि वाटाण्याएवढे तुकडे केले तर तेवढ्या गाजराचे दोनशेंच्या वर होतात. पनीर त्याच वजनांत २६० ते ३०० कॅलरी देतें. म्हणून तें जपून वापरावें.

पुण्यांतील आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबांत लॅब्रॅडॉर जातीची कुत्री आहे. घरांत लहानमोठीं तेरा माणसें. तिसऱ्या वर्षीं तिचें वजन ३८ किलोंवर गेलें, जिना चढतांना तिला धाप लागूं लागली. डॉक्टरांनीं विचारलें तेव्हां प्रत्येकानें प्रामाणिकपणें सांगितलें, कीं मी कधींमधीं एखादा तुकडा देतों, एवढेंच. डॉक्टर अनुभवी होते. त्यांनीं कोणाला दोष दिला नाहीं. फ्रिजवर एक कागद चिकटवावयास सांगितला आणि जो कोणी जें कांहीं देईल त्यानें तें तेथें लिहावें असा नियम घालून दिला. पहिल्या दिवशीं रात्रीं कागदावर एकोणीस नोंदी झाल्या! प्रत्येक हात आपापल्या परीनें मोजका होता. परंतु हात तेरा होते.

खरी अडचण पुढेंच होती. घरांतील आजींना हा बंदोबस्त पटेना. "अहो डॉक्टर, तोंडाकडे टक लावून बसलेल्या मुक्या जिवाला न देतां आपण जेवावें, हें माझ्यानें व्हायचें नाहीं," असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या आधीं गोग्रास आणि काकबळी निघाला, मग पानें वाढलीं गेलीं, त्या घरांतील वृद्ध बाईला हें 'नको' म्हणणें किती जड जात असेल याची कल्पना आपल्यापैकीं पुष्कळांना करतां येईल. डॉक्टरांनींही वाद घातला नाहीं. ते म्हणाले, "आजी, मग वाटी तुमच्याच ताब्यांत. सकाळीं तिचा दिवसाचा खाऊ तुम्हीच मोजून वाटींत ठेवा. ज्याला द्यायचा असेल त्यानें तुमच्याकडून मागून घ्यावा. वाटी रिकामी झाली कीं त्या दिवशींचें देणें संपलें." त्या दिवसापासून घरांतील एकाची छाती झाली नाहीं कीं आजींना चुकवून तुकडा टाकावा. जेवणही डॉक्टरांनीं मापून दिलें होतें; सात महिन्यांत वजन ३१ किलोंवर आलें. आजी जेवावयास बसल्या कीं त्या वाटींतले दोन तुकडे त्या कुत्रीला अजूनही मिळतात, पण आधीं तिला शहाण्यासारखें दूर बसावें लागतें.

इतका काटेकोरपणा कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर एका जुन्या प्रयोगांत आहे. अमेरिकेंत लॅब्रॅडॉरचीं ४८ पिलें घेऊन त्यांच्या जोड्या लावल्या, आणि प्रत्येक जोडींतील एकाला दुसऱ्यापेक्षां पाव हिश्शानें कमी अन्न जन्मभर दिलें. २००२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत कमी खाणाऱ्यांचें मध्यम आयुर्मान १३ वर्षें आणि भरपूर खाणाऱ्यांचें ११.२ वर्षें भरलें. सांध्यांचीं दुखणींही पहिल्या गटांत उशिरां आलीं. कुत्र्याच्या आयुष्यांतलीं पावणेदोन वर्षें म्हणजे थोडाथोडका काळ नव्हे. लॅब्रॅडॉरच्या मालकांनीं आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी. केंब्रिजच्या संशोधकांनीं २०१६ मध्यें असें दाखविलें कीं, या जातींतील सुमारें चौथ्या हिश्शाच्या कुत्र्यांत एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांना खाण्याचा सोस अधिक असून त्यांचें वजनही अधिक भरतें. तेव्हां त्याच्या डोळ्यांतील करुण भाव नेहमींच भुकेचा असतो असें समजूं नये.

एक धडा पक्का झाला कीं खाऊ हळूहळू विरळ करावा. प्रथम प्रत्येक वेळीं, मग दोन-तीन वेळांतून एकदां, तोही नेम न ठेवतां. मधल्या वेळीं पाठीवर हात आणि गोड शब्द. अजिबात बंद मात्र करूं नये. शिवाय सगळा खाऊ एकाच तोलाचा असूं नये. घरांत, जेथें दुसरें कांहीं आकर्षण नसतें, तेथें त्याच्या रोजच्या जेवणांतले दाणे बाजूला काढून तेच द्यावे. रस्त्यावर समोरून मांजर चाललें असतां त्याला परत बोलवावयाचें असेल तर मात्र पनीर खर्चावें. जुन्या हिशेबानें बोलावयाचें तर घरांत पै चालते, बाजारांत रुपया मोजावा लागतो.

आपल्यासारख्या शाकाहारी घरांना वाटतें कीं कुत्रा हा मांसाहारी प्राणी, त्याला आपल्या स्वयंपाकघरांतलें काय चालणार? लांडगा आणि कुत्रा यांत येथें मोठा फरक पडला आहे. स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २०१३ मध्यें 'नेचर'मध्यें असें प्रसिद्ध केलें कीं, पिष्टमय पदार्थ पचविणाऱ्या पाचकरसाच्या जनुकाच्या प्रती लांडग्यांत दोनच असतात, तर कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत आढळतात. माणसाच्या उष्ट्यावर वाढतां वाढतां तो आपल्या अन्नाला जुळता झाला. त्याचें सबंध जेवण शाकाहारी ठेवावयाचें असेल, विशेषतः वाढत्या पिलाचें, तर तें पशुवैद्याच्या देखरेखीशिवाय करूं नये. परंतु खाऊ हा दहावाच हिस्सा, आणि तेवढ्यापुरतें आपलें स्वयंपाकघर अगदीं समर्थ आहे. कच्चें किंवा वाफवलेलें गाजर, उकडलेली फरसबी, लाल भोपळा, उकडलेलें रताळें, काकडी, बिया काढलेलें सफरचंद, हे सर्व तुकडे मीठमसाल्यावांचून द्यावे. ज्वारीच्या बिनमिठाच्या लाह्या लहान मुलांच्या हातीं देण्यास फार सोयीच्या; मूठभर दिल्या तरी वजनाला कांहींच भरत नाहींत. पनीर घरीं फाडलेलें असल्यास उत्तम, कारण त्यांत मीठ नसतें. दूध पुष्कळशा मोठ्या कुत्र्यांना पचत नाहीं. ज्यांच्या घरीं अंडें चालतें त्यांनीं उकडून त्याचे बारीक तुकडे करावे, आणि आमच्या सारस्वत बंधूंनीं कांटा पूर्ण काढलेली उकडलेली मासळी द्यावी. सुकट मात्र खारट असल्यामुळें वर्ज्य.

आतां जें मुळींच द्यावयाचें नाहीं त्याकडे वळूं. येथें घाई करून चालणार नाहीं. आषाढ शुद्ध नवमीला कांदेनवमी साजरी करून चातुर्मासांत कांदालसूण सोडणाऱ्या घरांना एवढेंच सांगितलें तर पुरे कीं, कुत्र्याचा चातुर्मास बारा महिने असतो. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्यें त्याच्या रक्तांतील तांबड्या पेशी फोडतात. तीं शिजवल्यानें नाहींशीं होत नाहींत, आणि परिणाम लगेच न दिसतां कांहीं दिवसांनीं दिसतो. त्यामुळें कांदा घातलेल्या भाजीचा रस्सा भातावर घालून दिल्याचें कोणाच्या लक्षांतही राहत नाहीं.

त्याहून भयंकर द्राक्ष. ज्या महाराष्ट्रांत नाशिकचीं द्राक्षें आणि तासगांवचा बेदाणा घरोघरीं असतो तेथें हें मोठ्यानें सांगण्याची गरज आहे. द्राक्षें, मनुका, बेदाणे यांनीं कुत्र्याचीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात. एखाद्याला पुष्कळ खाऊन कांहीं होत नाहीं, तर दुसरा थोडक्यांत दगावतो. सत्यनारायणाच्या शिऱ्यांतले बेदाणे याला अपवाद नाहींत. प्रसाद म्हणून द्यावयाचाच असेल तर केळ्याची चकती द्यावी. अमेरिकेंतील पशुविषतज्ज्ञांनीं २०२१ मध्यें असें सुचविलें कीं या विषाचें मूळ द्राक्षांतील टार्टारिक आम्ल असावें. पुढल्याच वर्षीं, चिंच खाल्लेल्या कुत्र्यांत तसाच मूत्रपिंडाचा विकार झाल्याचें त्यांनीं नमूद केलें. चिंचेंत हें आम्ल विपुल असतें. हें वाचून आपल्या चिंचगुळाच्या आमटीची आठवण कोणाला होणार नाहीं? आमटीभात कालवून कुत्र्याला घालण्याची रीत कित्येक घरांत आहे. आमटींतील चिंच थोडी असते हें खरें, परंतु निष्कारण धोका कां पत्करावा? साधें बिनमिठाचें वरण भातावर घातलें तरी तो तितक्याच आनंदानें खातो.

चॉकोलेटांतील थिओब्रोमिन हें द्रव्य कुत्र्याच्या शरीरांतून फार सावकाश निघतें, आणि उलट्या, छातींत धडधड, झटके असा त्याचा क्रम असतो. चॉकोलेट जितकें काळें आणि कडू, तितकें अधिक घातक. साखरेऐवजीं झायलिटॉल घातलेलें च्युइंगम, गोळ्या आणि कांहीं शेंगदाण्याचें लोणी हें नव्या काळाचें विष आहे. त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील साखर पुष्कळदां अर्ध्या-पाऊण तासांतच एकदम उतरते, आणि अधिक मात्रेंत यकृत बिघडतें. मधुमेही आजोबांच्या खिशांतील बिनसाखरेच्या गोळ्या नातवानें कुत्र्याला देण्यापूर्वीं वेष्टनावरचा मजकूर कोणीतरी वाचावा. दिवाळीच्या चकल्या-शंकरपाळ्यांतील तेलतुपामुळें स्वादुपिंडाला सूज येऊं शकते. आंब्याची कोय आणि मक्याचें कणीस विषारी नसलीं तरी गिळलीं गेल्यास आंतड्यांत अडकतात.

बाजारांतील तयार खाऊ सगळाच वाईट असें मुळींच नाहीं. परंतु पाकिटावर घटक आणि कॅलरी छापलेल्या नसतील तर तें दुकानांतच ठेवावें. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे २००७ पासून वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या खाऊन कुत्रीं आजारी पडल्याच्या तक्रारी येऊं लागल्या, त्या हजारोंच्या घरांत गेल्या, आणि पुष्कळ तपास करूनही निश्चित कारण हातीं लागलें नाहीं. चार गाजरें किसणीशेजारीं पडलेलीं असतां एवढी जोखीम घेण्याचें प्रयोजन आम्हांला तरी दिसत नाहीं.

इतकी काळजी घेऊनही एखादे दिवशीं वर्ज्य पदार्थ पोटांत गेलाच, तर लक्षणांची वाट पाहत बसूं नये. मीठपाणी पाजून किंवा घशांत बोटें घालून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय करूं नये. मिठाचीच विषबाधा होते. ताबडतोब पशुवैद्याला गांठावें, काय खाल्लें, अदमासें किती आणि किती वाजतां, हें त्यांना सांगावें, कुत्र्याचें वजन ठाऊक असल्यास तेंही सांगावें, आणि उरलेलें पाकीट किंवा वेष्टन बरोबर घेऊन जावें. डॉक्टरांचा दूरध्वनि-क्रमांक वाटीच्याच फळीवर, सर्वांना दिसेल असा, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.